साथीच्या रांगेतून पुढे आलेली गिटार

एखादे गाणे गाजते तेव्हा गायकाचे नाव सर्वतोमुखी होते. गीतकार आणि संगीतकारही लक्षात राहतात. दोन कडव्यांच्या मधल्या जागेत काही क्षण वाजून गेलेला गिटारचा तुकडा मात्र श्रोत्याच्या कानात घर करतो आणि तरीही तो कोणी वाजवला हे त्याला ठाऊक नसते. अमेरिकेतील ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात अशा वादकांना ‘सेशन म्युझिशियन’ म्हणतात. ठरल्या वेळी स्टुडिओत यायचे, समोर येईल ते गाणे वाजवायचे आणि मानधन घेऊन निघायचे, असे हे काम. तबकडीच्या वेष्टनावर आपले नाव छापले जाईलच, याची १९६० च्या दशकात त्यांना शाश्वती नसे. क्लॅरेन्स व्हाइट हा याच वर्गातला. आयुष्य मिळाले अवघे २९ वर्षांचे. पण तेवढ्यात त्याने एकदा लोकसंगीतात आणि एकदा रॉक संगीतात गिटारची भूमिकाच पालटून टाकली. त्याच्या मृत्यूला अर्धशतक उलटून गेले, तरी त्याचा हात त्या दोन्ही प्रवाहांत आजही ओळखू येतो.

क्लॅरेन्सचा जन्म ७ जून १९४४ रोजी अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यातील लुइस्टन या गावी झाला. घराणे मूळचे फ्रेंच-कॅनेडियन. ‘लब्लाँ’ या फ्रेंच आडनावाचा अर्थ पांढरा. त्याचेच पुढे ‘व्हाइट’ झाले. वडील हौसेने गिटार, बँजो, फिडल आणि माउथ ऑर्गन वाजवीत. त्यामुळे घरातली मुले बोलायला लागली तशीच वाजवायलाही लागली. थोरला रोलंड मेंडोलिनकडे वळला, एरिकने बँजो आणि पुढे बास हाती घेतला, आणि धाकट्या क्लॅरेन्सच्या वाट्याला गिटार आली. १९५४ मध्ये हे कुटुंब देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातील बरबँक येथे राहायला गेले. तेथे या भावंडांनी ‘थ्री लिटल कंट्री बॉइज’ या नावाने कार्यक्रम करण्यास प्रारंभ केला. क्लॅरेन्स तेव्हा दहा वर्षांचा होता.

रोलंडला ओढ लागली ती ब्लूग्रास संगीताची. बिल मन्रो या मेंडोलिनवादकाने १९४० च्या दशकात घडवलेली ही शैली. त्यात फिडल, बँजो आणि मेंडोलिन ही वाद्ये आळीपाळीने पुढे येऊन आपले कौशल्य दाखवीत. गिटारने मागे राहून ठेका धरायचा आणि फार तर गायकाची ओळ संपताच खर्जातली एखादी धावती जागा घ्यायची, असा दंडक होता. बँजोच्या खणखणाटापुढे गिटारचा आवाज टिकतही नसे. त्यामुळे गिटारवादकाला साथीदाराखेरीज दुसरे स्थान असू शकते, हा विचारच सहसा कोणी करीत नसे. क्लॅरेन्सनेही काही वर्षे हेच काम निमूटपणे केले. त्या काळात त्याचा ठेका इतका पक्का झाला, की पुढे आयुष्यभर तो तालाशी खेळू शकला.

दोन घटनांनी चित्र बदलले. १९६१ मध्ये रोलंडला सक्तीच्या लष्करी सेवेत जावे लागले आणि सुमारे दोन वर्षे पथकातली मेंडोलिनची जागा रिकामी पडली. ती भरून काढण्याची जबाबदारी आपसूकच क्लॅरेन्सवर आली. त्याच सुमारास लॉस एंजेलिसमधील ‘अॅश ग्रोव्ह’ या प्रसिद्ध क्लबमध्ये त्याने डॉक वॉटसनला ऐकले. नॉर्थ कॅरोलायनाचा हा अंध कलावंत फिडलवर वाजवल्या जाणाऱ्या द्रुत लोकधुना गिटारवर, एका चपट्या नखीने, स्वच्छ आणि वेगात वाजवीत असे. ‘फ्लॅटपिकिंग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तंत्रात क्लॅरेन्सला आपली वाट दिसली. त्याने वॉटसनचे अनुकरण मात्र केले नाही. जँगो राइनहार्ट या युरोपीय जॅझवादकाच्या तबकड्या तो ऐकत होता. त्यातली लवचीकता त्याने ब्लूग्रासच्या सरळसोट चालीत आणली. अपेक्षित मात्रेवर स्वर न देता तो किंचित अलीकडे किंवा पलीकडे द्यायचा, मध्येच हात थांबवायचा, आणि श्रोता चुकला चुकला म्हणेपर्यंत बरोबर समेवर यायचा, ही त्याची खासियत झाली.

रोलंड लष्करातून परतला तेव्हा धाकटा भाऊ साथीदार राहिलेला नव्हता. पथकाचे नाव आता ‘केंटकी कर्नल्स’ असे झाले होते. व्हाइट बंधूंचा केंटकी राज्याशी काहीच संबंध नव्हता. पण ब्लूग्रासचे माहेर तिकडचे, म्हणून नाव तिकडचे. १९६४ मध्ये त्यांची ‘अॅपलाचियन स्विंग’ ही केवळ वादनाची तबकडी निघाली. तिच्यात क्लॅरेन्सची गिटार बँजो आणि मेंडोलिन यांच्या बरोबरीने धुन पुढे नेताना ऐकू येते. ब्लूग्रासमधील गिटारवादनाचा विचार करणारे आजही या तबकडीपासून सुरुवात करतात. त्याच वर्षी पथक न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवातही वाजले. कर्नल्सच्या पाठोपाठ गावोगाव फिरून त्यांचे कार्यक्रम टेपवर उतरवून घेणाऱ्या चाहत्यांत एक तरुण बँजोवादक होता. त्याचे नाव जेरी गार्सिया. पुढे ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक पथकाचा तो आधारस्तंभ झाला.

मात्र कौतुकाने पोट भरत नव्हते. १९६४ पासून बीटल्सच्या लाटेने अमेरिकेतला तरुण श्रोता विद्युत गिटारकडे खेचून नेला. १९६५ मध्ये खुद्द बॉब डिलनने न्यूपोर्टच्या व्यासपीठावर विद्युत वाद्यांचा ताफा उभा केला. लोकसंगीताच्या क्लबांतली गर्दी ओसरू लागली आणि कर्नल्सना कामे मिळेनाशी झाली. १९६५ च्या अखेरीस पथक विस्कटले. रोलंडने ब्लूग्रासची कास सोडली नाही. तो बिल मन्रोच्या आणि नंतर लेस्टर फ्लॅटच्या पथकात गेला. क्लॅरेन्सने वेगळा निर्णय घेतला. वयाच्या एकविसाव्या वर्षी, एका वाद्यावर नाव कमावल्यानंतर, त्याने फेंडर कंपनीची १९५४ सालची टेलिकास्टर ही विद्युत गिटार हाती घेतली आणि जवळजवळ पहिल्यापासून आरंभ केला.

हा बदल वाटतो तेवढा सोपा नव्हता. पोकळ लाकडी गिटारवर स्वर लवकर विझतो, म्हणून वादकाला सतत वाजते राहावे लागते. विद्युत गिटारवर स्वर लांबतो, तार ओढता येते आणि थांबण्यालाही अर्थ येतो. क्लॅरेन्सने जेम्स बर्टन या आघाडीच्या स्टुडिओ-वादकाचे वादन बारकाईने ऐकले. पुढे रिक नेल्सनच्या कंट्री धाटणीच्या ध्वनिमुद्रणांत दोघे एकत्रही वाजले. हळूहळू लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंतून त्याला बोलावणी येऊ लागली. कंट्री गायक असो वा रॉक पथक, क्लॅरेन्स येई, गाणे ऐके आणि त्यात नेमकी जेवढी जागा रिकामी असेल तेवढीच भरी. गायकाच्या शब्दावर स्वर न टाकता शब्द संपल्यावर टाकण्याचा संयम त्याने ब्लूग्रासमध्ये साथ करतानाच अंगी बाणवला होता.

‘बर्ड्स’ या गाजलेल्या पथकाशी त्याचा संबंध आला तोही असाच, पाहुणा वादक म्हणून. या पथकातला ख्रिस हिलमन मूळचा ब्लूग्रास मेंडोलिनवादक. व्हाइट बंधूंना तो क्लबांच्या दिवसांपासून ओळखत होता. १९६७ च्या ‘यंगर दॅन यस्टरडे’ या तबकडीसाठी आपल्या दोन गाण्यांवर वाजवायला त्याने क्लॅरेन्सला बोलावले. रॉक पथकाच्या तबकडीत ग्रामीण कंट्री संगीताची गिटार अशी मोकळेपणाने मिसळण्याचे ते अगदी आरंभीचे उदाहरण. १९६८ च्या ‘नटोरियस बर्ड ब्रदर्स’ आणि ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ या तबकड्यांवरही तो पाहुणा म्हणून वाजला. यांतली दुसरी तबकडी कंट्री-रॉक या संमिश्र शैलीचा पाया मानली जाते. वेष्टनावर पथकाचे नाव होते. गाण्यांतली कंट्रीची चव अनेक ठिकाणी मानधनावर आलेल्या वादकांची होती.

याच वर्षांत एका यंत्राचा जन्म झाला. गीब गिल्बो, जीन पार्सन्स आणि वेन मूर यांच्यासमवेत क्लॅरेन्स एल मॉन्टे येथील ‘नॅशव्हिल वेस्ट’ या क्लबात नियमित वाजवीत असे. पथकालाही तेच नाव पडले होते. कंट्री संगीतात पेडल स्टील नावाचे एक वाद्य असते. आडव्या ठेवलेल्या या गिटारच्या तारा पायाखालच्या पट्ट्यांनी ताणून एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अलगद सरकता येते. सतारीवर तार ओढून मींड काढतात, तसाच हा परिणाम. फक्त इथे एक स्वर स्थिर राहून दुसरा सरकतो. क्लॅरेन्सला हेच उभ्या गिटारवर हवे होते. डाव्या हाताची बोटे पडद्यांवर गुंतलेली, उजवा हात तारा छेडण्यात गुंतलेला. मग तार ओढायची कशाने? एका ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्याने शेजारी उभ्या असलेल्या पार्सन्सला गिटारच्या माथ्याकडची तार ओढायला सांगितले. गरज तिसऱ्या हाताची होती.

पार्सन्स ड्रमवादक होता, तसाच यंत्रकामात मुरलेला कारागीरही होता. पेडल स्टीलचे काही सुटे भाग घेऊन त्याने टेलिकास्टरच्या पोटात तरफा बसवल्या. गिटारचा पट्टा खांद्याकडच्या ज्या खुंटीला अडकवतात, ती खुंटी त्याने हलती केली. वादकाने गिटारची मान किंचित खाली दाबली की पट्टा ताणला जाई, खुंटी सरके आणि आतल्या जोडण्यांमार्फत दुसरी तार, पाश्चात्त्य संज्ञेत ‘बी’ची तार, पूर्ण एका स्वराने वर चढे. दाब सोडला की तार मूळ स्वरावर परते. ही यंत्रणा मावावी म्हणून गिटारची जाडी वाढवावी लागली. ‘स्ट्रिंगबेंडर’ किंवा ‘बी-बेंडर’ या नावाने ही युक्ती पुढे जगभर पोचली. ‘ईगल्स’ पथकाच्या १९७२ मधील ‘पीसफुल ईझी फीलिंग’ या गाण्यातील बर्नी लेडनची गिटार अशीच वाजते. ‘लेड झेपेलिन’च्या जिमी पेजनेही ती वापरली. रेडिओवर ऐकलेला सूर पेडल स्टीलचा आहे असे समजणाऱ्या अनेकांनी प्रत्यक्षात ऐकली ती एका गिटारच्या पट्ट्याला दिलेली ओढ.

१९६८ मध्ये क्लॅरेन्स ‘बर्ड्स’चा रीतसर सदस्य झाला. पाठोपाठ जीन पार्सन्सही तेथे आला. मूळ पथकातील रॉजर मॅकग्विन हा एकटाच लवकरच उरला. येथे नियतीची एक गंमत दिसते. १९६५ मध्ये ज्या गाण्याने ‘बर्ड्स’ प्रकाशात आले, त्या ‘मिस्टर टॅम्बरिन मॅन’मध्ये मॅकग्विन सोडला तर बाकीची वाद्ये भाडोत्री स्टुडिओ-वादकांनीच वाजवली होती. आता तीन वर्षांनी एक स्टुडिओ-वादकच त्या पथकाचा कणा होऊ पाहत होता. मॅकग्विनच्या बारा तारांच्या गिटारचा किणकिणता नाद आणि तिच्याभोवती क्लॅरेन्सच्या टेलिकास्टरचे वळसे, अशी ही नवी जोडी जमली. प्रत्यक्ष कार्यक्रमांत हे पथक पूर्वीच्या कोणत्याही ‘बर्ड्स’पेक्षा सरस ठरले. १९७० च्या ‘अनटायटल्ड’ या दुहेरी तबकडीत ‘एट माइल्स हाय’ हे जुने गाणे १६ मिनिटे चालते आणि एक अख्खी बाजू व्यापते. एरवी मोजून मापून वाजवणारा क्लॅरेन्स तेथे मोकळा सुटलेला ऐकायला मिळतो.

स्टुडिओतली कथा तेवढी सुखाची नव्हती. १९७१ च्या ‘बर्डमेनिअॅक्स’ या तबकडीवर निर्मात्याने पथकाच्या अपरोक्ष वाद्यवृंद आणि समूहस्वर चढवले. त्या गर्दीत गिटारची बारीक नक्षी बुडून गेली आणि पथकाची नाराजी लपून राहिली नाही. त्याच वर्षीच्या ‘फार्दर अलाँग’मध्ये त्यांनी स्वतः सूत्रे हाती घेतली, परंतु लोकप्रियतेला ओहोटी लागली होती. क्लॅरेन्स अधूनमधून गातही असे. त्याचा आवाज साधा, काहीसा लाजरा. ‘फार्दर अलाँग’ हे जुने भक्तिगीत त्याने याच तबकडीसाठी गायिले.

या सर्व काळात त्याने दुसऱ्यांसाठी वाजवणे सोडले नाही. जो कॉकर, रँडी न्यूमन, आर्लो गथ्री, जॅक्सन ब्राउन अशा परस्परांहून अगदी भिन्न कलावंतांच्या तबकड्यांवर तो वाजला आहे. ब्राउनच्या १९७२ मधील पहिल्या तबकडीच्या आरंभीच्या गाण्यात, ‘जमेका से यू विल’मध्ये, क्लॅरेन्सची साधी गिटार ऐकू येते. हे गाणे त्याने स्वतः ‘बर्ड्स’बरोबर गाऊन झाले होते. आता तेच दुसऱ्याच्या तोंडी होते आणि क्लॅरेन्स मागे बसून साथ करीत होता. स्वतःच्या मानापमानाचा प्रश्न त्याने त्यात आणल्याचे दिसत नाही.

फेब्रुवारी १९७३ मध्ये ‘बर्ड्स’चा हा अवतार संपला. मूळ पाच सदस्य पुन्हा एकत्र येऊन तबकडी काढणार होते; त्या जुळवाजुळवीत मधल्या पाच वर्षांचा भार वाहिलेल्या वादकाला स्थान नव्हते. परंतु क्लॅरेन्स रिकामा राहिला नाही. त्याच महिन्यात बिल मन्रोसोबत दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात वाजवण्यासाठी पीटर रोवन, डेव्हिड ग्रिसमन, रिचर्ड ग्रीन आणि बिल कीथ या तरुण वादकांसह तो एकत्र आला. मन्रोची बस वाटेत बिघडली आणि या मंडळींनीच कार्यक्रम पार पाडला. त्यातूनच ‘म्यूलस्किनर’ या पथकाची तबकडी जन्मली. परंपरेचे ब्लूग्रास आणि विद्युत वाद्ये यांची सांगड तीत सहजतेने घातलेली आहे.

त्या वसंत ऋतूत आणखी एक गोष्ट घडली, आणि कदाचित त्याच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची असावी. आठ वर्षांनी रोलंड, क्लॅरेन्स आणि एरिक हे भाऊ पुन्हा एका व्यासपीठावर उभे राहिले. ‘न्यू केंटकी कर्नल्स’ या नावाने मे १९७३ मध्ये त्यांनी युरोपचा दौरा केला. स्वीडनमधील त्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. त्यांतला क्लॅरेन्स पुन्हा साध्या गिटारवर आहे, परंतु १९६४ चा नाही. विद्युत गिटारने शिकवलेली विश्रांती, तालातली लपाछपी आणि स्वरांची काटकसर त्याने जुन्या धुनांत आणली आहे. दोन वाटांनी केलेला प्रवास येथे एका जागी मिळाल्यासारखा वाटतो. परतल्यावर त्याने स्वतःच्या नावाने काढायच्या पहिल्या तबकडीचे कामही सुरू केले. इतकी वर्षे इतरांच्या वेष्टनांवर बारीक अक्षरांत छापले गेलेले, कधी न छापलेले नाव आता ठळक अक्षरांत येणार होते.

१५ जुलै १९७३ रोजी मध्यरात्र उलटल्यावर कॅलिफोर्नियातील पामडेल येथील एका क्लबमधला कार्यक्रम आटोपून हे भाऊ आपले सामान मोटारीत भरत होते. मोठे नाव झालेल्या वादकानेही स्वतःचे ओझे स्वतः उचलावे, अशीच त्या छोट्या कार्यक्रमांची रीत. त्या वेळी दारूच्या नशेत चालवलेल्या एका मोटारीने क्लॅरेन्सला धडक दिली. शेजारी असलेला रोलंडही जखमी झाला. तो बचावला, क्लॅरेन्स वाचू शकला नाही. दफनाच्या वेळी गायक ग्रॅम पार्सन्स आणि बर्नी लेडन यांनी ‘फार्दर अलाँग’ हेच भक्तिगीत गायिले. जीन पार्सन्सशी नाते नसलेला, केवळ आडनावबंधू असलेला हा ग्रॅमदेखील दोन महिन्यांनी, १९ सप्टेंबर १९७३ रोजी, निधन पावला. त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ‘इन माय अवर ऑफ डार्कनेस’ या गाण्यातील एक कडवे क्लॅरेन्सच्या स्मृतीशी जोडले जाते.

स्वतःच्या नावाची ती तबकडी अपुरीच राहिली. राहिल्या त्या दोन गिटारी. ‘अॅपलाचियन स्विंग’च्या दिवसांतली मार्टिन कंपनीची १९३५ सालची डी-२८ ही गिटार क्लॅरेन्सच्या हातून साठच्या दशकातच गेली होती. नादासाठी असणारे तिचे गोल छिद्र कोणीतरी कापून मोठे केलेले होते, त्यामुळे ती लांबूनही ओळखू येई. १९६० मध्ये नऊ वर्षांच्या टोनी राइस नावाच्या मुलाने ती क्लॅरेन्सच्या हाती पाहिली होती आणि क्लॅरेन्सने त्याला ती वाजवू दिली होती. राइसने १९७५ मध्ये शोध घेऊन तीच गिटार विकत घेतली आणि तिच्यावरच तो आपल्या पिढीतला अग्रगण्य ब्लूग्रास गिटारवादक झाला. २०२० मध्ये निधन होईपर्यंत तिचे नाव त्याच्या नावाशी जोडलेले राहिले. तरफा बसवलेली टेलिकास्टर पुढे व्हाइट कुटुंबाकडून मार्टी स्टुअर्टकडे गेली. या स्टुअर्टला १९७२ मध्ये, तेराव्या वर्षी, लेस्टर फ्लॅटच्या पथकात आणणारा होता क्लॅरेन्सचा थोरला भाऊ रोलंड. दोन्ही वाद्ये अशा रीतीने ज्यांना त्यांचे मोल ठाऊक होते त्यांच्याच हाती पोचली, आणि वाजती राहिली.

आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संघटनेच्या मानकऱ्यांच्या दालनात क्लॅरेन्सला २०१६ मध्ये स्थान मिळाले. रोलंडला त्याच्या पुढच्याच वर्षी. धाकट्याने थोरल्याच्या आधी पुढे यावे, हे १९६३ मध्ये घडले तसेच येथेही घडले. रोलंड २०२२ पर्यंत जगला आणि अखेरपर्यंत वाजवत राहिला. क्लॅरेन्सच्या वाट्याला ते दीर्घायुष्य आले नाही, स्वतःच्या नावाची पुरी तबकडी आली नाही, आणि त्याने ज्या गाण्यांना रूप दिले त्यांपैकी बहुतेक गाणी दुसऱ्यांच्या नावाने ओळखली जातात. परंतु आज ब्लूग्रासच्या मैफलीत गिटारवादक आपली पाळी येताच निःशंकपणे पुढे सरतो, किंवा कंट्री-रॉकच्या एखाद्या गाण्यात गिटारची एक तार अलगद वर चढून पुन्हा खाली उतरते, तेव्हा ती वाट कोणी पाडली हे जाणकारांना सांगावे लागत नाही.